मोटर बंद केल्यावर

मलकापूरचा अश्फाक टेलर झटक्यानं गेला, तेव्हा शेजारच्या गावचे नाथाजी उसाची लागण करत होते. सैन्यातून सुभेदार होऊन परतलेले, सत्तावन्न वर्षांचे, बिनलग्नाचे. मातीला जाऊन आले, आंघोळ केली आणि पुन्हा रानात गेले. 'दोस्त गेला बिचाऱ्याचा,' असं लोक दोन दिवस म्हणाले. दोघांचं बावीस वर्षांचं नातं होतं, ते कुणाला ठाऊक नाही, असं नाथाजी धरून होते.

दोन आठवड्यांत त्यांची झोप उडाली, जेवण तुटलं. डॉक्टरनं तपासलं. बीपी, साखर, सगळं ठीक निघालं. मग एका दुपारी नाथाजींनी शोधून शोधून एक ॲप मोबाइलवर घेतलं. समलिंगी माणसांना फोनवरून समुपदेशन देणारं, मराठीतलं. त्यात विचारलं होतं, 'तुम्ही कुणाला गमावलंय?' त्यांनी 'मित्र' दाबलं. मग मागं जाऊन 'जोडीदार' दाबलं.

फोन मंगळवारी अकराला ठरला. घरात भाऊ-भावजय, पुतणे. म्हणून ते विहिरीवरच्या मोटरच्या खोलीत बसले. बोलणं बाहेर जाऊ नये म्हणून मोटर चालूच ठेवली.

"काका, मी सांगलीहून अंकिता बोलतेय, तुमची समुपदेशक. तुमचं नीट ऐकू येत नाही हो."

"मोटर चालू हाय, बाई! बंद केली तर भाईर ऐकू जाईल!"

"मग लिहून पाठवा. घाई नाही."

नाथाजींनी 'अ' लिहिला. पुढचा 'श्फा' काही जमेना. तीनदा खोडलं. शेवटी वैतागून उठले आणि मोटर बंद केली.

"अश्फाक नाव त्याचं," ते म्हणाले. "त्याच्या मातीला मी परक्यागत हुबा हुतो."

आणि रडले. ते सावरल्यावर अंकितानं विचारलं, "त्यांच्याबद्दल बोलता येईल असं तिथं कुणी आहे?"

"भन हाय त्याची, परवीन. पर तिला कुठं काय ठावं?"

"जायचं की नाही, ते तुम्हीच ठरवा."

दुसऱ्या फोननंतर ते मलकापूरला गेले. परवीननं चहा केला. मनात जुळवलेलं वाक्य नाथाजींच्या तोंडून निघेना, तेव्हा तीच म्हणाली, "भाऊ, चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला सकाळीच या. भाईला काय आवडायचं, ते तुमालाच म्हाईत."

"खिमा," नाथाजी म्हणाले. "अन् शेवया. दुधातल्या न्हाई, सुक्या."

तिनं मान हलवली.

पुढच्या मंगळवारी त्यांनी हे अंकिताला सांगितलं. तिनं झोपेचं विचारलं.

"आता चार तास लागती."

"आणि जेवण?"

"एक भाकरी जाती."

तिनं पुढचा फोनही मंगळवारीच ठेवला.