मोरीतल्या जंतूचं नाव

बायको गेल्यावर एकविसाव्या दिवशी मी तिचा डबा आणि चष्मा आणायला प्रयोगशाळेत गेलो. तिच्या साहेबांनी खुर्ची पुढे केली, तेव्हाच समजलो, काहीतरी बिनसलंय.

“फ्रीझरची सफाई झाली,” ते म्हणाले. “जंतूंच्या ज्या नळ्यांवर नाव नसतं, त्या वाफेत मारून फेकतात. दरवर्षीचं आहे.”

तिच्या नळ्यांवर नुसता आकडा होता. नाव मान्य झाल्याशिवाय नळीवर लिहायचं नाही, ही तिची शिस्त.

त्या नळ्यांतला जंतू तिला आमच्याच मोरीत सापडला होता. त्याचा जनुकीय अनुक्रम तिने वाचून घेतला. सगळ्यात जवळच्या भाऊबंदाशी तो एक्क्याण्णव टक्केच जुळला. पंच्याण्णवच्या खाली म्हणजे नवी जात. त्या दिवशी ती माझ्या आईला म्हणाली, “सासूबाई, याला तुमचंच नाव देते. हाही मोरीत बसून घरावर लक्ष ठेवतो.”

“दे बाई,” आई म्हणाली. “घरात तेवढा एक तरी माझ्या बाजूचा.”

तेव्हापासून आई रोज विचारायची, “माझा किडा कुठवर आला?”

मी साहेबांना म्हटलं, “अनुक्रम आहे ना? त्यावर नाव द्या.”

“तशी एक नियमावली आहे. पण तिथे अनुक्रम जवळजवळ पूर्ण लागतो. वहिनींचा पहिल्या खेपेचा, अर्धवट आहे. दुसऱ्या नियमावलीत जिवंत जंतू दोन देशांतल्या संग्रहांत ठेवावा लागतो. मोरी आहे ना अजून? तिथला नमुना आणा.”

ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी, माणसं भेटायला येणार म्हणून, मी मोरीत दोन बाटल्या ॲसिड ओतलं होतं. वर तारेच्या घासणीने घासलं होतं. ती असताना मला तिथे हात लावू देत नसे.

तरी नमुना नेला. चारदा नेला. जे उगवलं, ते सगळं आधीच नावं असलेलं.

“वहिनींचं काम वाया जाणार नाही,” साहेब म्हणाले. मी म्हटलं, “गेलंय. निम्मं तुम्ही घालवलंत, निम्मं मी. फेकण्याआधी एक फोन करायला काय झालं होतं?”

नावाचा अर्ज तिने आजारपणात भरला होता. तो माझ्या कपाटात आहे. संग्रहांच्या क्रमांकांच्या दोन जागा कोऱ्या आहेत, आणि आईला मी अजून काही सांगितलेलं नाही.