वाचवलेले शेंगदाणे

सुगंधाच्या एकदा मनात बसलं की ती ब्रह्मदेवाच्या बापाचंही ऐकायची नाही. घाटकोपरच्या भटवाडीत, डोंगराच्या अंगावर चढलेल्या त्या चाळीत, नळावरच्या बायका तिच्या नावाने बोटं मोडायच्या आणि अडीनडीला पहिली हाकही तिलाच मारायच्या. तोंडाची फटकळ, हाताची सढळ. सढळ होती हो, खरंच होती! हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकून कुणालाही वाटेल की बाई मुळातच चिक्कू असणार.

संपात तिच्या नवऱ्याची, गुणाजीची, गिरणी बसली ती बसलीच. हातावर हात धरून बसलेल्या नवऱ्याच्या डोक्यात टेम्पोचं खूळ घातलं ते सुगंधाच्या सख्ख्या भावाने, धाकूने. "भावोजी, भागीत घेऊया. झकास धंदा आहे." गावकऱ्यांच्या पतपेढीतून कर्ज काढलं. जामीन हवा होता, तर शेजारच्या खोलीतले विद्याधर, महापालिकेत कारकून, चहाचा कप खाली ठेवायच्या आत सही करून मोकळे झाले. टेम्पो काही महिने पळाला, मग एका ट्रकला मागून जाऊन धडकला. टेम्पो गेला भंगारात आणि धाकू गेला गावाला, तो पुन्हा तोंड दाखवायला आला नाही. कर्ज तेवढं जागच्या जागी राहिलं.

गुणाजीला पवईत एका कंपनीच्या गेटवर वॉचमनची नोकरी लागली, पण तोवर हप्ते थकले होते. एक दिवस पतपेढीतून तो चेहरा पाडून आला. "आणखी थकलं तर विद्याधरच्या पगारातून कापणार म्हणतात."

सुगंधा हातातलं काम टाकून उठली. धाकूने घाण करायची आणि भरायची कुणी, तर विद्याधर भावजींनी! ज्यांच्या बायकोला, रत्नप्रभेला, आपण लग्न होऊन आल्यापासून जीव लावला, त्यांच्या ताटातला घास आपल्या माहेरच्याने काढायचा! छे, मेले तरी होऊ देणार नाही, असं ती गुणाजीला म्हणाली आणि तिथेच पदर खोचला.

मग काय विचारता! दुधाची बाटली बंद, चहा कोरा, तोही गुळाचा. पेपर बंद. स्टो सकाळी एकदाच पेटायचा, संध्याकाळी तोच भात गार. बांगडा गेला, सुकट आली, मग सुकटही गेली. जन्मभर मासे खाल्लेल्या माणसाच्या पुढ्यात रोज कुळथाची पिठी. फोडणीला तेल पळीने घालायची ते बोट बुडवून घालायला लागली. साबणाची उरलेली चिपटी नव्या वडीला चिकटवायची. गुणाजीची विडी अर्धी ओढून विझायची आणि कानामागे जायची. पवईहून परतताना तो बसने येईना, चालत यायचा. कुरकुर केली की म्हणायची, "टेम्पो चालवायची हौस होती ना? आता पाय चालवा." मग स्वतःच मोरीत जाऊन डोळे पुसायची.

इथवर तिचं काही चुकलं असं कोण म्हणेल? कर्ज फेडायचं तर पोटाला चिमटा घ्यावाच लागतो. चुकलं ते वाटीपाशी.

त्या चाळीत एका घरात काही केलं की शेजारच्या घरात वाटी जायची. आणि आलेली वाटी रिकामी परत करायची नाही, ही आपल्याकडची रीत. काही नसलं तर चमचाभर साखर तरी घालायची. रत्नप्रभेची वाटी दर दोन दिवसांनी यायची. कधी काळ्या वाटाण्याची उसळ, कधी खीर. आणि सुगंधाच्या डब्यात तर साखरच उरली नव्हती.

सरळ सांगायचं की नाही, "रत्ने, घरात खडखडाट आहे गं, वाटी रिकामी देते"? रत्नप्रभा हसली असती. पण नाही! सुगंधाचं डोकं भलतीकडेच चाललं. जामीनदाराच्या बायकोला कळलं की यांच्याकडे साखरसुद्धा नाही, तर तिची झोप उडेल. ती नवऱ्याला सांगेल, दोघं धसका घेतील, सही केली म्हणून पस्तावतील. त्यापेक्षा वाटीच नको.

"अगं, आज उपास आहे माझा."

"उपास कसला? बुधवार आहे."

"नवीन धरलाय."

पुढच्या वेळी म्हणाली, यांना वाटाणे बाधतात. त्याच्या पुढच्या वेळी म्हणाली, आत्ताच जेवलो. अशी कारणं किती दिवस पुरणार? एकदा रत्नप्रभा दारात वाटी घेऊन उभी राहिली आणि सुगंधा आतूनच म्हणाली, "कशाला रोज रोज त्रास घेतेस?" रत्नप्रभेने वाटी पदराखाली घेतली. "त्रास?" एवढंच बोलली आणि गेली. त्यानंतर वाटी आली नाही. नळावर कुणीतरी म्हणालं, सुगंधाला माज आलाय. सुगंधाने ते ऐकलं आणि कळशी उचलून चालायला लागली. माज तर माज, म्हणू देत. निदान त्यांचा जीव तरी टांगणीला लागणार नाही.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. रत्नप्रभेची मुलगी कुंदा. सुगंधाला मूलबाळ नव्हतं, आणि त्याचं तिने कधी रडगाणं गायलं नाही, कारण कुंदा होती. पहिलं पाऊल टाकलं ते सुगंधाच्या खोलीत. शाळा सुटली की आपल्या घरी न जाता ती आधी इथे यायची. दप्तर एकीकडे, चपला दुसरीकडे, आणि बाईसाहेब फळीवर चढून शेंगदाण्याच्या डब्यात हात घालणार! शेंगदाणे, गुळाचा खडा, आणि पाय हलवत शाळेतल्या साऱ्या चहाड्या. "काकी, ऐक ना गं. काकी, लक्ष कुठाय तुझं?" सुगंधाची दुपार तेवढ्यासाठीच असायची.

आईच्या वाट्या बंद झाल्या तरी लेक यायची थांबली नाही. आठवीतल्या पोरीला काय ठाऊक, हप्ता म्हणजे काय आणि जामीन म्हणजे काय.

त्या महिन्यात गुणाजीचा पगार लांबला होता. हप्त्याची तारीख उंबऱ्यात येऊन बसली होती. सुगंधा सकाळपासून कुणाकडे काय विकता येईल याचा विचार करत होती. घरात भाजी नव्हती. शेंगदाण्याचं कूट घालून आमटी करायची, ती आठवडाभर पुरवायची, म्हणून तिने डबा जपून ठेवला होता. तेवढ्यात कुंदा आली, फळीवर चढली, मूठ भरली.

आणि सुगंधाच्या तोंडून निघून गेलं, "काय गो? तुझ्या आईच्या घरात काय शिजत नाही काय? रोज उठून दुसऱ्याच्या डब्यात हात!"

पोरगी तशीच फळीवर. तोंडातला दाणा चावायची थांबली. मग हळूच खाली उतरली, मूठ डब्यावर धरून उघडली, तळहाताला चिकटलेली सालंसुद्धा डब्यात झटकली, झाकण लावलं. दप्तर उचललं. चपला हातात घेऊनच बाहेर गेली.

सुगंधाला वाटलं, उठावं, धावावं, पोरीला ओढून आणावं, सगळा डबा तिच्या ओच्यात ओतावा. पण ती उठली नाही. लहान पोर आहे, उद्या विसरेल, असं तिने स्वतःला समजावलं. उद्या कुंदा आली नाही. परवाही नाही. आणि खरं सांगायचं तर, सांगायलाही लाज वाटते, त्या आठवड्यात शेंगदाणे पुरले, उलट थोडे उरले. डबा हलवून पाहताना सुगंधाला क्षणभर बरं वाटलं होतं. या एका बरं वाटण्यासाठी तिने पुढे स्वतःला किती शिव्या घातल्या, त्याला हिशोब नाही.

समजूत घालायला जायचं तर कारण सांगावं लागणार. कारण सांगायचं तर साखरेपासून सगळं बाहेर येणार. म्हणून गेलीच नाही. कर्ज फिटलं की जाऊ, ताठ मानेने जाऊ, मग सगळं पहिल्यासारखं करून टाकू, असं तिने मनाशी पक्कं केलं. जणू पोर तोवर तशीच फळीवर बसून राहणार होती!

वर्षं गेली. कुंदा दारावरून जायची, दिसली की हसायची, "बरी आहेस ना काकी?" म्हणायची आणि पुढे जायची. दहावी झाली, बारावी झाली. केसांच्या दोन वेण्यांची एक झाली. सुगंधा दाराआडून तिच्या पावलांचा आवाज ओळखायची.

आणि एकदाचं कर्ज फिटलं. गुणाजी पतपेढीतून पेढ्यांचा पुडा घेऊनच आला. सुगंधाने घरात पाणीसुद्धा न पिता तो पुडा उचलला आणि शेजारच्या दारात जाऊन उभी राहिली. "भावजी, सुटलात बघा! तुमच्या पगाराला आम्ही नख लागू दिलं नाही."

विद्याधर चष्मा पुसत बघतच राहिले. "कशाबद्दल म्हणताय, वहिनी? अच्छा, तो जामीन! अहो, माझ्या तर लक्षातही नव्हतं. कापले असते चार पैसे तर काय, नंतर दिले असते तुम्ही."

सुगंधाच्या हातातला पुडा जड झाला. तिने रत्नप्रभेकडे पाहिलं आणि मग सगळंच सांगून टाकलं, साखर, उपास, वाटाणे, सगळं. रत्नप्रभेने पेढा तोंडात घातला नाही, हातातच धरून ठेवला.

"आणि मला वाटलं, आमच्या घरचं तुला गोड लागेनासं झालंय," ती म्हणाली. "आधी बोलायचंस ना गं. साखर मीच घातली असती वाटीत, तुझ्या हातात देऊन परत घेतली असती."

दोघी रडल्या. पुन्हा वाट्या सुरू झाल्या. पण आता त्या वाट्या कशा, तर पूजेच्या प्रसादासारख्या. वर झाकण, दोन्ही हातांनी द्यायच्या, दोन्ही हातांनी घ्यायच्या.

पुढच्या वर्षी कुंदाचं लग्न ठरलं, बोरिवलीच्या मुलाशी. चाळीत घरोघर केळवणं सुरू झाली. लग्न ठरलेल्या मुलीला आपल्या घरी जेवायला बोलवायचं, गोडधोड करायचं, ओटी भरायची. सुगंधा पहिल्याच दिवशी निरोप घेऊन गेली. रत्नप्रभा मायेनेच म्हणाली, "तू कशाला खर्चात पडतेस? आत्ता कुठे सुटलीयस." सुगंधाला कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. "खर्च?" ती म्हणाली. "कुंदासाठी मी खर्च बघीन?" आणि बोलता बोलता तिचं तिलाच ऐकू आलं.

केळवणाच्या दिवशी सकाळपासून स्टो विझला नाही. वडे, काळ्या वाटाण्याचं सांबारं, शिरवाळे, म्हणजे नारळाच्या गोड रसातल्या तांदळाच्या शेवया. तेल पळीने, दूध बाटलीने, गूळ हात न आखडता. गुणाजी म्हणाला, "अगं, ती एकटी आहे, गावजेवण नाही." तिने त्याला स्टोपासून हाकलला.

कुंदा आली. चांगली साडी नेसून, चपला बाहेर जोडीने काढून, दारात थांबली. "येऊ का काकी?"

"ये गो चेडवा, विचारतेस काय!"

पाटावर बसली. वाढलेलं सगळं नीट खाल्लं, काही टाकलं नाही, काही मागितलं नाही. "छान झालंय हं काकी," म्हणाली. सासरच्यांबद्दल विचारलं तेवढं सांगितलं. सुगंधा समोर बसून तिच्या तोंडाकडे बघत होती. एखादी तरी चहाडी सांगेल, एकदा तरी 'लक्ष कुठाय तुझं' म्हणेल.

शेवटी तिला राहवलं नाही. "कुंदे, तेव्हा मी तुला शेंगदाण्यावरून बोलले ना, त्या दिवसापासून एक दिवस असा गेला नाही की..."

"कधी काकी?" कुंदा पटकन म्हणाली. "मला नाही आठवत." आणि खाली ताटाकडे बघत शिरवाळ्याचा घास घेतला.

तो घास तिला लागला. उचकीवर उचकी. सुगंधाच्या लक्षात आलं की वाढायच्या गडबडीत पाणी ठेवायचंच राहिलं. माठ कुंदाच्या कोपराला लागून होता, त्यावर पेला उपडा. हात लांबवला असता तरी पुरे होतं. पण पोरीने हात मांडीवरच ठेवला होता. डोळ्यांत पाणी आलं तरी ती थांबली, एक उचकी दाबली आणि विचारलं,

"काकी, जरा पाणी घेऊ का?"

सुगंधाला 'घे' म्हणता आलं नाही. ती उठली, पेला भरला आणि तिच्या हातात दिला. कुंदाने तो दोन्ही हातांनी घेतला आणि म्हणाली, "थँक्यू हं, काकी."