वहिनींचं कोपर आणि बारा गुंडे

गोफण शिकण्यात वहिनींचे दोन फायदे होते आणि दोन्ही त्यांनी पहिला दगड उचलण्याआधीच मनात मांडून ठेवले होते.

पहिला फायदा कावळ्यांचा. वहिनींच्या लाँड्रीच्या मागे कपडे वाळत घालायचं मैदान, त्यापलीकडे नदीचं कोरडं, गोट्यांनी भरलेलं पात्र आणि पात्राच्या मधोमध एक वठलेलं झाड. त्या झाडावर रोज कावळ्यांची सभा भरायची. सभा आटोपली की सगळे सभासद दोरीवर उतरायचे आणि दवाखान्यातून धुवायला आलेल्या पांढऱ्याशुभ्र चादरींवर सह्या करून जायचे. रोज सात-आठ चादरी पुन्हा धुवाव्या लागत.

दुसरा फायदा मामंजींचा. म्हणजे खरं तर मामंजींपासून सुटकेचा. वहिनींच्या सासऱ्यांनी उभा जन्म मेंढ्या राखल्या. गुडघ्यांनी संप पुकारला तेव्हा ते मुलाकडे राहायला आले आणि इस्त्रीच्या खोलीत खुर्ची टाकून बसले. मेंढ्या नव्हत्या, तर घड्या मोजू लागले. "सूनबाई, त्या टोकाला सुरकुती राहिली हं," हे वाक्य दिवसातून चाळीस वेळा यायचं. सुरकुती खरोखरच राहिलेली असायची, हे त्याहून वाईट.

त्यामुळे एका दुपारी मामंजी जेव्हा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "माझे गुडघे धड असते आणि हातात गोफण असती, तर एक कावळा टेकला नसता इथं," तेव्हा वहिनींनी इस्त्री उभी ठेवली.

"मग मला शिकवा की, मामंजी. तिकडे, मैदानात बसून."

'मैदानात' या शब्दावर जरा जास्तच जोर पडला, पण म्हाताऱ्याला तो ऐकू आला नाही. त्याला फक्त 'शिकवा' ऐकू आलं.

वहिनींचा नवरा गठ्ठे आणायचं-पोचवायचं काम करायचा. त्याने सायकलवरूनच शंका काढली. "अगं, कुणाची काच फुटली म्हणजे?"

"पलीकडे दगडांशिवाय आहे कोण?"

"आणि दगडाला दगड लागला तर?"

"ते आपसात मिटवतील. तुम्ही निघा."

मामंजींनी गठ्ठे बांधायच्या सुतळीची गोफण विणली. दोन लांब दोऱ्या, मधे दगड ठेवायला रुंद विणलेली झोळी. एका दोरीच्या टोकाला बोटात अडकवायचा फास, दुसरीला चिमटीत धरायची गाठ. गाठ सुटली की गुंडा, म्हणजे झोळीतला गोल दगड, सुटतो. सांगायला एवढंच.

वहिनींचा पहिला गुंडा मागे गेला आणि लाँड्रीच्या पत्र्यावर पडला. दुसरा सरळ वर गेला आणि तो खाली येईपर्यंत दोघांनी डोकी हातांनी झाकून घेतली. "गरगर फिरवू नकोस. एकाच फेऱ्यात सोड," मामंजी खुर्चीवरून ओरडत होते. पण वहिनी हाताच्या पक्क्या होत्या. चौथ्या दिवशी गुंडा झाडापर्यंत पोचला. पाचव्या दिवशी त्यांनी साठ गुंडे फेकले, कावळे दोरीकडे फिरकले नाहीत, एकही चादर परत धुवावी लागली नाही. वहिनी त्या रात्री फार खुशीत झोपल्या.

सहाव्या दिवशी सकाळी त्यांना इस्त्री उचलता येईना.

कोपराच्या आतल्या बाजूला, जिथे हाड टोकदार लागतं, तिथून कळ निघायची ती थेट करंगळीपर्यंत. दवाखान्याची सिस्टर चादरी न्यायला आली. तिने कोपर दाबून पाहिलं, वहिनी ओरडल्या, आणि निदान झालं.

"आठ दिवस हाताला विश्रांती. नाहीतर हे दुखणं कायमचं पाहुणं होईल."

"आणि चादरी?"

"तोवर कशा का होईना, द्या. पण हात बरा नाही झाला तर मला दुसरी लाँड्री बघावी लागेल, वहिनी. चाळीस पलंग आहेत माझे."

दवाखाना गेला तर लाँड्रीत उरले असते चार घरांचे सदरे. नवऱ्याने गोफण खुंटीवर टांगली. "बाबा, झाली तुमची हौस? तिच्या हातावर घर चालतं आपलं."

"पन्नास वर्षं फेकली मी," मामंजी पुटपुटले. "माझं कोपर कधी दुखलं नाही."

"तुमच्यापुढे मेंढ्या होत्या. त्या तक्रार करत नाहीत."

म्हातारा इस्त्रीच्या खोलीत परतला नाही. मैदानातच बसून राहिला, सुनेच्या हाताकडे बघत. वहिनींना ते टोचलं. फायदा क्रमांक दोन त्यांना मिळत होता, पण असा नको होता.

दुपारी चादरी वाळत घालायची वेळ झाली. वहिनींनी ओली चादर दोन टोकांना धरली, डोक्यावर नेली आणि झटकली. फट्ट! आणि पाठोपाठ "आई गं!"

"थांब!" मामंजी खुर्चीतून अर्धे उठले. "पुन्हा झटक."

"मामंजी, जीव जातोय इथे."

"हळू झटक, पण झटक."

वहिनींनी झटकली. मामंजींनी मांडीवर थाप मारली.

"हेच! अगं, हेच तू गोफणीला करतेस! चादर हातात राहायला हवी म्हणून शेवटी हात मागे ओढतेस. वीस वर्षांची सवय. पण गुंडा जायला हवा ना? त्याला मागे कशाला बोलावतेस? गुंडा गेला, झटका मागे राहिला. तो कुठे जाणार? कोपरात."

वहिनींनी चादर दोरीवर टाकली. मग म्हणाल्या, "हे पहिल्या दिवशी सांगायचंत."

"पहिल्या दिवशी मी दगडाकडे बघत होतो. हाताकडे बघायला हवं होतं. आणि गोफणही माझ्याच मापाची विणली, लांब. गुंडे दिले तेही जड, लांडगे हाकलायचे. चूक माझी, सूनबाई."

सासऱ्याच्या तोंडून 'चूक माझी' वहिनींनी पहिल्यांदाच ऐकलं. अर्धं दुखणं तिथेच उतरलं.

आता आठ दिवस ना गोफण, ना झटकणं. इस्त्री वहिनींनी डाव्या हाताने, रडतखडत चालवली. सिस्टरने घड्यांकडे पाहिलं आणि चादरी तशाच नेल्या. राहिला प्रश्न झटकण्याचा. मामंजी बसून झटकू शकत नव्हते. दोघांनी एकाच वेळी मान वळवली. दारात नवरा चहाचा कप घेऊन उभा होता.

"माझ्याकडे काय बघताय?"

वहिनींनी ओली चादर पुढे केली. त्याने कप ठेवला.

विश्रांतीचे आठ दिवस संपले आणि नवव्या दिवशी शिकवणी पुन्हा सुरू झाली. मामंजींनी दोऱ्या वीतभर कापल्या. लिंबाएवढे गुंडे निवडले आणि सोडा मोजायच्या तराजूत एकेक तोलून घेतले, कारण दर वेळी वजन बदललं की हात गोंधळतो. पहिले दोन दिवस तर झोळीत गुंडाही नव्हता, पायमोज्याचा बोळा होता.

"आधी पाय, मग कंबर, मग खांदा. हात सगळ्यात शेवटी, पाहुण्यासारखा. कोपर जरा वाकलेलंच राहू दे. आणि सुटल्यावर हात अडवू नकोस, जाऊ दे डाव्या मांडीपर्यंत. दार ढकलून आत गेल्यासारखा."

गुंडे दिवसाला बारा. बारावा सुटला की खेळ खलास.

"एकच अजून, मामंजी. आत्ताच हात बसलाय."

"हात बसला की माणूस उठत नाही आणि मग दुखणं बसतं. पदराखालचा तेरावा काढ बाहेर."

वहिनींनी निमूट काढला.

पंधरवड्याने एका सकाळी गुंडा बुंध्यावर बसला. ठक्क! कावळे उडाले आणि झाड काळ्याचं करडं झालं. वहिनी कोपर धरून कळेची वाट बघत राहिल्या. कळ आली नाही. संध्याकाळी चाळीस चादरींना इस्त्री केली, तरी आली नाही. सिस्टरने घडीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "उद्यापासून पडदेही पाठवते."

मामंजींनी मात्र एक नियम कायमचा केला: एका कोपराला दोन मालक नकोत. गोफण सूनबाईची, झटकणं मुलाचं.

तेव्हा आता शेवटची बेरीज. वहिनींना स्वच्छ चादरी मिळाल्या आणि रिकामी, शांत इस्त्रीची खोली. मामंजींना शिष्या मिळाली. सिस्टरचे चाळीस पलंग झाकले गेले. कावळ्यांनाही नदीच्या वरच्या अंगाला दुसरं झाड मिळालं, तक्रार नाही. आणि या सगळ्याची किंमत मोजली ती ज्याने काहीच मागितलं नव्हतं त्याने: रोज सकाळी चाळीस ओल्या चादरी आणि वर पडदे झटकून, आणि चहा गार झाल्यावर पिऊन.