गालावरची फुंकर

रीपेकाने पिशवीच्या तोंडाला तोंड लावून ती फुगवली, मुठीने गळा आवळला आणि डाव्या गालाशी धरून डोळे मिटले. समुद्राकडून वारा सुटला होता, म्हणून ती शेडच्या मागे, भिंतीला पाठ लावून बसली होती. गालाला काही जाणवलं नाही. हवा काढून तिने पिशवीची गुंडाळी केली आणि उजवीकडच्या टोपलीत ठेवली.

पुढची पिशवी घेतली. कानाच्या पाळीखाली, कुणीतरी दुरून हळूच श्वास सोडावा तसं झालं. ही डावीकडे. डावीकडे आता सात झाल्या होत्या.

समुद्रशेवाळाच्या जाड पातीची ही पिशवी. तिला पडलेलं भोक डोळ्यांना दिसत नाही, पण तेवढ्यातून हवा आत शिरते, चरबी बाहेर गळते, आणि आत मिठात घालून भरलेली तीती या समुद्रपक्ष्याची पिल्लं सडतात. वरून काही कळत नाही. चारचौघांत पिशवी कापली की कळतं. एक्केचाळीस वर्षांपूर्वी याच भिंतीशी बसून सासूने तिला गालाने पारखायला शिकवलं होतं. सख्ख्या लेकीला, तिनीला, शिकवलं नाही. तिनीला एका जागी बसण्याचा कंटाळा. पुढे प्लास्टिकच्या बादल्या आल्या आणि बाकीच्या घरांनी पिशव्या सोडूनच दिल्या. पण तिच्या नवऱ्याने, तेओनेने, मरताना सांगून ठेवलं होतं, माझ्या दगडाच्या दिवशी बादल्या नकोत.

नोव्हेंबरात त्याच्या थडग्यावरच्या दगडाचं कापड काढायचा विधी होता. तिच्या माहेरची माणसं थेट उत्तरेहून येणार, दोनेकशे पानं उठणार. अशा दिवशी पाहुण्यांच्या पानात काय पडलं, ते लोक पुढे नातवंडांपर्यंत सांगत राहतात. म्हणून जानेवारीपासून ती ओहोटी बघून खडकांवर उतरत होती, पाती कापून आणत होती, कोपरापर्यंत हात घालून त्या आतून मोकळ्या करत होती. बोटांची कातडी सोलून निघाली होती. पिल्लं धरायला बेटावर जाणारी बोट उद्या सकाळी सुटायची होती. तिचं बोचकं बांधून दाराशी तयार होतं.

बेटावरच्या झोपडीत, खिडकीखालच्या तिच्या खाटेच्या वर एक खिळा होता. दर मोसम संपला की तेओने आपला रेनकोट त्या खिळ्याला टांगून यायचा. गेल्या मेमध्येही टांगला होता. जूनमध्ये तो गेला. तो कोट तिला स्वतःच्या हाताने उतरवायचा होता. बाकी बेटावर आता तिचं काही उरलं नव्हतं.

गाडीचं दार वाजलं तशी तिने हातातली पिशवी खाली ठेवली. तिनी आली. मागून तिची सून हेदर, फेब्रुवारीत लग्न होऊन शहरातून आलेली, कोरेकरकरीत बूट घालून.

“अजून चाललंय का वहिनी तुझं शेवाळ? रस्त्यापर्यंत वास येतोय.”

“संपलंच. तीस व्हायच्या होत्या. तेवीस चांगल्या निघाल्या.”

“आणि ते दाराशी बोचकं कुणाचं?”

“माझं.”

तिनी हेदरकडे बघून हसली. “तुला रावीरीने सांगितलं नाही वाटतं. माझ्या पोराचं हे असंच, वाईट बोलायचं म्हटलं की आईला पुढे करतो. काल आम्ही सगळे बसलो होतो. बेटावरची जागा रक्ताने चालते वहिनी, तुला काय वेगळं सांगायचं. तेओने होता तोवर तू त्याची बायको म्हणून आलीस. आता कुणाची म्हणून येणार?”

“एक्केचाळीस वर्षं आले मी.”

“आलीस ना. कुणी नाही म्हटलंय? पदरी एखादं पोर असतं, तर त्याची आई म्हणून नेली असती. तेही तुला जमलं नाही.”

हेदर आपल्या बुटांकडे बघत राहिली. डोंगरावर रात्री बर्फ पडलं होतं आणि त्याचा गारठा आता अंगणात उतरायला लागला होता.

“खिडकीखालची खाट हिला देऊ,” तिनी म्हणाली. “पहिलंच वर्ष आहे, उजेड बरा.”

“तिथे तेओनेचा कोट आहे.”

“तो? गेल्या आठवड्यात डागडुजीला गेलो होतो, तेव्हा चुलीत घातला. बुरशी आली होती. असा काही वास सुटला म्हणतेस, दोन दिवस दार उघडं ठेवावं लागलं.”

रीपेकाने मांडीवरचे शेवाळाचे तुकडे झटकले. एकेक करून, सावकाश.

“पिशव्या मात्र दे हं,” तिनी म्हणाली. “शेवटी आमच्या भावाच्या दगडाचं जेवण आहे. आणि हिला दाखव तपासायच्या कशा. तू काय जन्मभर पुरणार आहेस? मी तोवर मिठाची पोती बघते.”

ती गेली. हेदर उकिडवी बसली. “मामी, मला खरंच ठाऊक नव्हतं. रागावलात का माझ्यावर?”

“तुझ्यावर कशाला रागवू?”

रीपेकाने डावीकडची एक पिशवी उचलली, फुगवली आणि तोंड आवळून तिच्या हातात दिली.

“उजेडाकडे धर. भोक असलं की ठिपका चमकतो.”

हेदरने पिशवी आभाळाकडे धरली. एक डोळा मिटून, सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिली. “नाही दिसत.”

“पुन्हा बघ.”

“नाहीच आहे.”

“मग ठेव उजवीकडच्या टोपलीत.”

दुसरी, तिसरी. पोरगी मन लावून बघत होती, प्रत्येक पिशवी दोनदा. “नजर चांगली आहे तुझी,” रीपेका म्हणाली, तशी ती लाजली.

सातवी हातात घेऊन रीपेका जरा थांबली. नोव्हेंबरात कापड निघेल तेव्हा दगडावर नाव तेओनेचंच असणार होतं. अंगठ्याने तिने पिशवीची खरखरीत कड चाचपली. पलीकडे पोती मोजता मोजता तिनी गुणगुणत होती. रीपेकाने पिशवी फुगवली आणि पुढे केली.

“हीपण चांगली आहे,” हेदर म्हणाली. “म्हणजे तीसच्या तीस झाल्या. आई उगाच म्हणतात हो अवघड असतं म्हणून.”

टोपली उचलताना ती घुटमळली. “मामी, तुमच्या वाटणीचे पक्षी मी स्वतः आणून देईन. आईंना सांगायचं नाही. सांगा, कुठल्या पिशवीत भरू?”

रीपेकाने टोपलीत हात घातला आणि तळातून एक पिशवी काढली. ती फुगवून डाव्या गालाशी धरली, डोळे मिटले. या वेळी बराच वेळ. मग स्वेटरच्या बाहीची निसटलेली लाल लोकर तोडून तिच्या गळ्याला गाठ मारली.

“ही.”

“गालाला का लावलीत?” हेदरने हसून विचारलं.

“सवय,” रीपेका म्हणाली, आणि बोचकं सोडायला उठली.