इंजिनबाबा आणि लाल ठिपका

“थांबलं! चाक थांबलं!”

मावशीच्या भाजीच्या दुकानामागच्या शेडमध्ये सगळी गल्ली कोंबली होती. शटर अर्धं ओढलेलं, जुन्या गाडीचं बॉनेट उघडं, इंजिन धडधडतंय, आणि इंजिनबाबा पिस्तुलासारखा दिवा रोखून उभे. दिवा मखमलीत गुंडाळलेला, त्याची वायर तेवढी बाहेर लोंबत होती. त्या उजेडात इंजिनासमोरचं गरगरणारं चाक खरोखरच जागच्या जागी उभं दिसत होतं. त्यावर एक लाल ठिपका, तोही स्थिर.

“इंजिन चालू, चाक बंद!” बाबा गरजले. “काळ आमच्या मुठीत आहे, बालकांनो!”

शिंप्याला तर रडूच फुटलं. त्याची बिघडलेली गाडी बाबांनी मागच्याच आठवड्यात नुसत्या हस्तस्पर्शाने बरी केली होती. मी शाळेत विज्ञान शिकवते, तरी क्षणभर माझाही आ वासला. मग स्वतःचाच राग आला.

बाबा मावशीकडे वळले. आवाज एकदम मधात बुडवलेला. “हा ठिपका म्हणजे रक्त, माई. तुमच्या मालकांचा जीव या चाकात अडकलाय. म्हणून गाडी कालपासून आचके देते, फटाके फोडते. तिला आमच्या आश्रमात सोडा, नाहीतर ते सुटायचे नाहीत.”

मावशीचा चेहरा उतरला. काका गेल्यापासून ती याच गाडीतून घरोघर भाजी पोचवते. गाडी गेली की धंदा बसला. पण नवरा तळमळत असेल तर धंद्याचं काय घेऊन बसायचं?

“न्या, बाबा,” ती पुटपुटली. “त्यांना सोडवा.”

“थांब गं मावशी,” मी पुढे घुसले. “चाक थांबलंय ना, बाबा? मग लावा की बोट.”

“आम्ही लोखंडाला शिवत नाही.”

“मग शिंप्याची गाडी काय लाकडाची होती?”

बाबा डोळे मिटून पुटपुटू लागले. मी टोपलीतलं लांबलचक गाजर उचललं आणि त्या ‘थांबलेल्या’ चाकाच्या पट्ट्याला टेकवलं. फर्रर्र! कीस उडाला तो थेट बाबांच्या दाढीत.

“अपशकुन!” बाबांच्या मागे उभा असलेला त्यांचा शिष्य किंचाळला.

“छे, सॅलड!” मागून कोणीतरी म्हणालं, आणि शेडभर खसखस पिकली.

त्या गोंधळात मावशी वाकून ठिपक्याकडे टक लावून बघत होती. “अगं बाई! रक्त कसलं? हे माझं नेलपॉलिश! घरभर शोधली होती ती बाटली. यांना विचारलं की म्हणायचे, ‘मी काय नखं रंगवतो?’ चोर कुठले!” ती हसत होती आणि डोळे पुसत होती. “असाच दिवा घेऊन हा ठिपका त्या वरच्या काट्याशी जुळवत बसायचे.”

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. बाबांच्या दिव्याची वायर इंजिनाच्या ठिणगीच्या वायरीला अडकवली होती. ठिणगी पडली की दिवा निमिषभर चमके. दर चमकेला चाक फिरून त्याच जागी आलेलं असे, आणि तेवढंच आपल्याला दिसे.

“मग आचके का देते?” शिंप्याने विचारलं.

ठिणग्या वाटणाऱ्या डबीला, म्हणजे डिस्ट्रिब्युटरला, मी हात लावला. ती बरणीच्या झाकणासारखी फिरली. झोका नेमक्या क्षणी ढकलावा लागतो, तशी ठिणगीही नेमक्या क्षणी पडावी लागते. कोणीतरी बोल्ट सैल करून डबी फिरवली होती, आणि ठिणगी उशिरा पडत होती.

“मावशी, काल गाडी कोणी पुसली?”

“या शिष्याने. फुकट. म्हणाला, सेवा आहे.”

“माझीही यानेच पुसली होती!” शिंप्याचे अश्रू जागीच आटले.

मावशीने बाबांच्या हातातून दिवा ओढून घेतला. “आणा इकडे!” तिने उजेड धरला, मी डबी हळूहळू फिरवली. लाल ठिपका सरकत सरकत काट्याखाली आला. शिंप्याने दिलेल्या पान्याने बोल्ट आवळला, आणि इंजिन कसं गोड चालू लागलं! टाळ्या थांबल्या तेव्हा बाबा आणि शिष्य शटरखालून वाकून पसार झाले होते.

माझं सगळ्यांना एवढंच सांगणं आहे. चमत्कार दिसला की हात जोडायच्या आधी ते वापरा, वाकून बघा, प्रश्न विचारा. आणि बाबाच बोट लावायला कचरत असेल, तर आधी गाजर लावा.

मावशीने संध्याकाळी लाल नेलपॉलिशची नवी बाटली आणली. गाडी बंद करून तिने तो जुना ठिपका पुन्हा ठळक केला, आणि उरलेलं स्वतःच्या नखांना लावलं.