एकोणतिसातला एक

थकलेल्या माणसाकडे धीर मागणे न्यायाचे नव्हे. परंतु ज्या घरात मूल शिकत आहे, त्या घराकडे तो मागितल्यावाचून गत्यंतरही नसते. देणाऱ्याने तो कोठून आणावा, हे मात्र कोणी सांगत नाही.

इस्पितळाच्या धुलाईघरात दिवसभर चादरींना इस्त्री करणारी आई कामावरून तशीच पालकसभेला गेली आणि मुलांच्या बुटक्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन बसली. वर्गशिक्षिका सांगत होत्या, की दुसरीची मुले सध्या शंभरापर्यंतच्या संख्या ऐकून अंकांत लिहायला शिकत आहेत. घरातल्या वस्तू त्यांना दहा-दहाच्या ओळींत मांडू द्याव्यात, मोठ्याने मोजू द्याव्यात. "आणि एवढं करा, उत्तर सांगू नका. विचारा, आणि थांबा."

सभा आटोपल्यावर त्यांनी आईला बाजूला घेतले. "तुमची चिमणी एकोणतीस म्हटलं की तीनावर नऊ लिहिते. एकदा मुलं हसली, तेव्हापासून विचारलं तरी तोंड उघडत नाही. चुकल्याचं काही नाही हो, चुका सगळेच करतात. ती गप्प बसते, त्याची मला काळजी वाटते."

आईला स्वतःचे आठवले. लहानपणी तीही एकदा अशीच गप्प झाली होती, आणि मग गप्पच राहिली होती.

घरी पोहोचली तेव्हा पाय भरून आले होते. सासूबाई भाजी निवडत होत्या.

"काय म्हणाल्या बाई?"

"घरी सराव घ्या म्हणाल्या."

"मग त्या काय नुसती हजेरी घेणार? आमच्या वेळी पाठ झालं नाही, की मास्तर कान पिळून लाल करायचे."

"तरीच तुम्हाला हल्ली कमी ऐकू येतं."

"तेवढं बरं ऐकू आलं हो!" म्हणत सासूबाई हसल्या.

आईने कपडे वाळत घालण्याच्या चिमट्यांची टोपली जमिनीवर पालथी केली आणि भिंतीला टेकून बसली. "चिमणे, तीस मांड बघू. दहा-दहाच्या ओळी."

मुलीने मांडले. तिसऱ्या ओळीच्या टोकाशी जागा रिकामी राहिली. टोपलीतले चिमटे संपले होते.

"किती झाले?"

मुलगी गप्प. उत्तर आईच्या जिभेवर आले होते. पण ते उच्चारण्याइतकेही त्राण तिच्यात उरले नव्हते. तिने डोळे मिटले. तो धीर नव्हता, निव्वळ थकवा होता. तरीही बाईंनी जे मागितले होते, ते तिच्या हातून घडत होते.

बऱ्याच वेळाने बारीक आवाज आला. "आई, एकोणतीस म्हणजे... एक कोण?"

"कोण म्हणजे?"

"एक कोण, तीस. तिसात एक कोण आला नाही?" तिचे बोट रिकाम्या जागेवर होते. मग ती एकदम ओरडली, "तो बाहेर आजीच्या टॉवेलवर बसलाय! म्हणून हे एकोणतीस! तीस झालेच नाहीत अजून, मग तीन कसा लिहायचा?"

आणि तिने दोनावर नऊ लिहिले.

'एकोण' म्हणजे एकाने ऊन, एक उणा. शब्दाचे मूळ हेच. मुलगी आडवाटेने गेली खरी, पण पोहोचली नेमकी तेथेच.

"एकोणपन्नास?" सासूबाईंनी भाजीतून मान वर न करता विचारले.

"पन्नासात एक कोण नाही! चारावर नऊ!"

"अगं हळू! एवढंही कमी ऐकू येत नाही मला."

आई मिटल्या डोळ्यांनी तो आरडाओरडा ऐकत राहिली. घरात इतका मोठा आवाज तिला आज प्रथमच गोड वाटत होता.

त्या बालिकेची वाणी अशीच मोकळी राहो. आणि जिच्या थकव्यानेही लेकराला वाट करून दिली, त्या माउलीच्या पायांना विसावा लाभो.