तड्यावरची काच

माझा स्वभाव संशयी आहे, हे लोकांनी मला सांगायची गरज नाही. दूधवाल्यापासून वेधशाळेपर्यंत मी कुणाच्याच मापावर एकदम विश्वास ठेवत नाही. म्हणून तर ब्लॉग सुरू केला. दिवसा महाविद्यालयाच्या भूशास्त्र प्रयोगशाळेत दगडांचे नमुने पुसायचे, त्यांना नंबर घालायचे. संध्याकाळी जगात कुठे भूकंप झाला, कुठे दरड कोसळली, त्यातलं खरं किती आणि फुगवलेलं किती, ते साध्या भाषेत लिहायचं. वाचक तीन-साडेतीन हजार. एक नियम मी कधी मोडला नाही: फोटोत मापाला काहीतरी हवंच. नाणं, पेन, काहीही. त्याशिवाय बोटभर भेग आणि हातभर भेग सारखीच दिसते.

आमच्या बावीस घरांची रांग डोंगराला पाठ लावून उभी आहे. डोंगर आणि घरं यांच्यामध्ये एकच संरक्षक भिंत, आणि ती बांधलेली माझ्या बाबांनी. बाबा गवंडी. आता हातात थापी धरवत नाही, पण गल्लीत अजून त्यांना सगळे मिस्तरीच म्हणतात. त्या भिंतीला आमच्या घरामागे तडा गेलेला मला दिसला, आणि तडा दिसल्यावर गप्प बसणारी मी नव्हे.

एका रविवारी प्रयोगशाळेतली काचेची पट्टी आणली, तड्यावर आडवी ठेवली आणि दोन्ही टोकं प्लास्टरने पक्की केली. जुनी युक्ती आहे. भिंत केसभर जरी सरकली तरी काच तडकते. पुढच्या रविवारपासून दर आठवड्याला नाणं शेजारी धरून फोटो काढायचा आणि ब्लॉगवर टाकायचा. पाच रविवार काच शाबूत. पाचही वेळा मी लिहिलं, 'हालचाल नाही.' गल्लीने सुटकेचा निःश्वास टाकला. मी मात्र नाही, कारण डोंगराच्या पायथ्याचा ओलावा वाढत होता आणि कुठेतरी पाणी मुरतंय असं मला वाटत होतं.

सोमवारी एका वाचकाची टिप्पणी आली. हा गृहस्थ घड्याळं दुरुस्त करतो आणि ब्लॉगवर 'घड्याळजी' याच नावाने लिहितो. 'ताई, पहिल्या दोन फोटोंतल्या काचेची कड घासून गुळगुळीत केलेली आहे. पुढच्या तिन्हींतली हिऱ्याने कापून तशीच सोडलेली दिसते. काच बदललीत का?'

मी आधी घड्याळजीवरच संशय घेतला. मग फोटो मोठे करून पाहिले. माणूस बरोबर होता. आमच्या प्रयोगशाळेच्या पट्टीची कड हाताला लागत नाही. ही कड बोट कापेल अशी होती. म्हणजे माझी काच फुटली होती, आणि कुणीतरी दुसरी बसवली होती.

हे कोण करणार? मला फार डोकं चालवावं लागलं नाही. भिंतीला लागून आमची मागची खोली, आणि त्या खोलीत वहिनीचा शिवणवर्ग. दादा नोकरीसाठी बाहेरगावी, त्यामुळे वर्ग म्हणजे वहिनीचा जीव की प्राण. चौदा मशीन, चौदा बायका. तड्याबद्दल मी पहिल्यांदा लिहिलं तेव्हा तीन बायकांनी येणं बंद केलं होतं, आणि वहिनी आठवडाभर माझ्याशी फक्त भाजीपुरतं बोलली होती.

दोन दिवस मी तिच्यावर पाळत ठेवली. तिच्या कपाटात कात्र्या किती, फुटक्या आरशाचे तुकडे कुठे, सगळं पाहिलं. ताकास तूर लागू दिली नाही. बुधवारी दुपारी वर्ग सुटल्यावर मात्र राहवलं नाही.

"वहिनी, भिंतीवरची काच तुम्ही बदलता ना?"

ती दोऱ्याची रिळं आवरत होती. हात थांबले. "मी? आणि मला वाटत होतं, तुम्हीच काहीतरी करताय तिथे! ब्लॉगला खाद्य हवं म्हणून."

"मी कशाला? माझंच मोजमाप मी खोटं करीन?"

"मग मी करीन? पोरीबाळी बसतात माझ्या तिथे, ताई! खाली बसून काजं करतात. त्यांच्या डोक्यावर भिंत येऊ दे, असं वाटेल मला?"

"वर्ग चालायला हवा म्हणून वाटू शकतं," मी म्हणाले. हे शब्द आठवले की आजही मान खाली जाते.

वहिनीचे डोळे भरून आले. ती तरातरा बैठकीत गेली आणि भिंतीवरच्या आईच्या फोटोवर तिने हात ठेवला. "सासूबाईंची शपथ, मी त्या काचेला बोटसुद्धा—"

आणि थांबली. हात उचलून तिने बोटं पाहिली, पुन्हा फोटोवर ठेवली.

"ताई, याला काच नाही."

मी जवळ गेले. चौकट होती, आई होती, आईवर धुळीचा पातळ थर होता. काच नव्हती. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय? मागे वळले तर दारात बाबा उभे होते.

"तिला रागावू नकोस," ते म्हणाले. "मीच केलं."

त्यांनी पलंगाखालून वर्तमानपत्राची पुडी काढली. आत फुटलेल्या चार काचा, प्रत्येकीला कागदाची चिठ्ठी. पहिली माझी, गुळगुळीत कडेची. बाकीच्या तीन आईच्या.

"भिंत बसत असेल असं वाटलं," बाबा म्हणाले. "नवीन भिंतसुद्धा बसते थोडी, मग थांबते. म्हटलं, पुढची काच टिकली की तुला सांगेन. मग ती फुटली. म्हटलं, याच्या पुढची."

"आणि तारखा कशाला लिहिल्यात?"

"माप आहे ते," ते जरा चिडूनच म्हणाले. "माप कसं टाकून देणार?"

मी चिठ्ठ्या ओळीने लावल्या. पहिली काच अठराव्या दिवशी फुटली होती. दुसरी त्यानंतर दहा दिवसांनी. तिसरी पाच. चौथी तीन, म्हणजे परवा सोमवारीच. मधले दिवस कमी होत जातात तेव्हा डोंगर काय सांगत असतो, हे मी ब्लॉगवर परदेशातल्या दरडींबद्दल कितीदा तरी लिहिलं होतं. आणि गेले तीन रविवार मी बावीस घरांना खुशाल झोपा असं सांगत होते.

"वहिनी, मशीन काढा. सगळी," मी म्हणाले. आमच्या दोघींच्याही डोळ्यांत पाणी होतं, पण तिने पदर खोचला.

मी चार काचा टेबलावर मांडल्या आणि कॅमेरा काढला. लिहायचं काय ते ठरत नव्हतं. 'काच बदलली गेली' असं लिहिलं तर लोक विचारणार, कुणी? आधी मी 'हालचाल नाही' म्हणत होते, आता 'घर सोडा' म्हणते. माझ्यावर का विश्वास ठेवावा? मी त्यांच्या जागी असते तर ठेवला नसता. सवयीने पर्समध्ये नाणं शोधू लागले.

"नाणं राहू दे," बाबा म्हणाले. त्यांनी आपला उजवा हात काचांशेजारी टेबलावर पसरून ठेवला. मधलं बोट पहिल्या पेरापासून आडवं वाकलेलं, याच भिंतीचा दगड पडून मोडलेलं. "मापाला हा ठेव."

"बाबा, सगळे ओळखतील."

"म्हणून तर."

फोटो काढला. खाली तारखा, दिवसांचा हिशेब आणि तीन रविवारच्या माझ्या चुकीची माफी लिहिली. पालिकेच्या अभियंत्यालाही पाठवलं. चहा होण्याएवढाही वेळ गेला नसेल, शेजारच्या घरातून पलंग ओढल्याचा आवाज आला. मग पलीकडच्या. अंधार पडायच्या आत बावीसही घरांच्या मागच्या खोल्या रिकाम्या झाल्या, आणि अभियंत्याने दुसऱ्या दिवशी सगळ्यांना समोरच्या शाळेत हलवलं. वर्ग सोडून गेलेल्या तिघींपैकी एक आमची मशीन उचलायला आली होती. तिला मी विचारलं, मजकूर समजला का नीट?

"मजकूर कुठे वाचला?" ती म्हणाली. "मिस्तरींचं बोट बघितलं आणि निघाले."

वहिनीची मी माफी मागितली. ती म्हणाली, "तीही ब्लॉगवर लिहा." म्हणून ही इथे लिहिली आहे.

शुक्रवारी दुपारी भिंत आली. शिवणाच्या खोलीचं छप्पर घेऊनच आली. कुणाला खरचटलंही नाही. बाबा शाळेच्या ओट्यावर आईचा फोटो मांडीवर घेऊन बसले होते. धुरळा खाली बसला तरी त्यांची नजर हलेना.

मी शेजारी बसले आणि म्हणाले, "बाबा, भिंत चांगलीच होती. डोंगरच सरकला."

यातलं मी काहीही मोजलेलं नव्हतं.